वाट विचारावी की वाचावी?

वाट कशी सापडते, या प्रश्नाचे आपल्याकडचे उत्तर जुने आणि सोपे आहे. विचारून. आमच्या सोलापुरात तर वाट चार भाषांत विचारता येते. मराठीत विचारले की उत्तर कधी कानडीत येते, कधी तेलुगूत आणि कधी आमच्या घरच्या दखनीत. पण वाट मात्र बरोबर सापडते. सांगणारा माणूस किलोमीटर सांगत नाही. तो पिंपळ सांगतो, पाण्याची टाकी सांगतो, बंद पडलेल्या गिरणीची चिमणी सांगतो. अंतर म्हणजे हाकेचे, नाहीतर एक बिडी ओढून होईपर्यंतचे. आणि फारच आग्रह धरला तर स्वतः चार पावले बरोबर चालत येतो.

जगात मात्र असाही एक खेळ आहे, की ज्यात वाट विचारायला बंदी आहे. त्याचे नाव ओरिएन्टीअरिंग. खेळाडूच्या हातात एक नकाशा आणि एक होकायंत्र देतात. नकाशावर ठरावीक ठिकाणी गोल काढून त्यांना क्रमांक दिलेले असतात. प्रत्यक्ष जमिनीवर त्या जागी पांढऱ्या-केशरी रंगाचे निशाण लावलेले असते. क्रमाने प्रत्येक निशाणापाशी जायचे, हातातल्या कार्डावर खूण उमटवायची आणि शेवटी परत यायचे. दोन निशाणांच्या मध्ये कोणत्या वाटेने जायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे. हाच खेळ डोंगरी सायकलवर, म्हणजे माउंटन बाइकवर बसूनही खेळतात. जानेवारी २०२५ मध्ये वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी मी तो पहिल्यांदा खेळलो. त्या सकाळविषयी मी सांगणार आहे. पण त्याआधी थोडा इतिहास सांगायला हवा. कारण नकाशा हातात घेऊन माळावर उभा राहिलेला माणूस ही आपल्या मुलखात साधी गोष्ट कधीच नव्हती.

खेळाचा जन्म स्वीडन आणि नॉर्वेतला. स्वीडनच्या सैनिकी शिक्षणात १८८६ मध्ये हा शब्द वापरला गेला; अनोळखी मुलूख नकाशा आणि होकायंत्राच्या आधाराने पार करणे, असा त्याचा अर्थ. सामान्य लोकांसाठीची पहिली स्पर्धा नॉर्वेत, आजच्या ओस्लोजवळ ३१ ऑक्टोबर १८९७ रोजी झाली. पुढे अर्न्स्ट किलँडर नावाच्या स्वीडिश लष्करी अधिकाऱ्याला वाटले, की तरुण मुले मैदानी खेळांपासून दूर चालली आहेत. त्यांना रानात न्यावे. त्याने १९१९ मध्ये स्टॉकहोमजवळ मोठी स्पर्धा घेतली आणि दोनशेहून अधिक लोक धावले. १९६१ मध्ये कोपनहेगनला या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. माउंटन बाइक ही त्या मानाने अलीकडची. ती १९७० च्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्नियात, जुन्या दणकट सायकली डोंगरावरून सोडणाऱ्या पोरांनी घडवली. या दोन्हींची गाठ पडली आणि २००२ मध्ये फ्रान्समधल्या फॉन्तेनब्लो येथे सायकलवरच्या ओरिएन्टीअरिंगची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरली.

थोडक्यात काय, तर नकाशा हे सैन्याचे हत्यार होते आणि तिकडच्या लोकांनी शंभर वर्षांत त्याचा रविवारचा खेळ केला. आपल्याकडे काय झाले?

आपल्याकडे नकाशा नव्हता तेव्हाही वाटा होत्या. सैन्ये जात होती, लमाणांचे तांडे जात होते, आषाढी-कार्तिकीला वारकरी पंढरीला जात होते. औरंगजेबाची छावणी याच जिल्ह्यात, भीमेकाठी ब्रह्मपुरी-माचणूरला १६९५ पासून काही वर्षे होती. एवढ्या मोठ्या पसाऱ्याची वाटचाल कोस आणि मजल यांच्या हिशेबावर चाले. या गावाहून त्या गावाला किती कोस, मध्ये पाणी कुठे, उतार कुठे, याच्या याद्या असत. आणि याद्यांच्या पलीकडचे सगळे ज्ञान माणसाच्या डोक्यात असे. तो माणूस म्हणजे वाटाड्या.

हा वाटाड्या कोण होता? गावगाड्यात हे काम बहुतेक ठिकाणी महार वतनदाराकडे होते. सरकारी माणूस गावात आला की त्याला पुढच्या गावाच्या शिवेपर्यंत पोचवायचे, त्याचे ओझे वाहायचे, टपाल न्यायचे, रात्री-अपरात्री हाक आली तरी निघायचे. दोन गावांत शिवेचा तंटा झाला तर शीव कुठून जाते, हे सांगायलाही त्यालाच बोलावीत. गावाची हद्द ज्याला सर्वांत नेमकी ठाऊक, त्याला गावात मात्र जागा नाही, असा हा उफराटा न्याय. या वतनाच्या जोखडाविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात विधेयक मांडले होते. ही कनिष्ठ वतने कायद्याने संपायला १९५८ साल उजाडले. वाट दाखवणे ही माणुसकी आहे, असे आपण म्हणतो. ते खरेच आहे. पण शतकानुशतके ती एका समाजावर लादलेली वेठही होती, हे विसरून चालणार नाही.

मग नकाशा आला. विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजली आणि भारताचे महान त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू झाले. दोन उंच जागा, त्यांच्यामधले मोजलेले अंतर आणि तिसऱ्या जागेकडे पाहताना होणारे कोन, एवढ्यावर त्रिकोण पुरा होतो. त्याच्या बाजूवर दुसरा, दुसऱ्याच्या बाजूवर तिसरा. या त्रिकोणांची साखळी दक्षिणेकडून दख्खनपर्यंत आली. लॅम्बटन २० जानेवारी १८२३ रोजी आपल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. त्या वेळी त्याचा साहाय्यक जॉर्ज एव्हरेस्ट दख्खनातून मुंबईच्या दिशेने दुसरी त्रिकोणमाला नेण्याच्या कामावर होता.

एव्हरेस्टचे नाव शिखराला मिळाले, ते सर्वांना ठाऊक आहे. त्याची यंत्रे दुरुस्त करणारा, बारीक अंशांच्या चकत्या सांभाळणारा कारागीर मात्र फार थोड्यांना ठाऊक असेल. सय्यद मीर मोहसिन हुसेन हे त्याचे नाव, गाव अर्काट. पुढे कलकत्त्याला सर्वेक्षण खात्याचा गणितीय यंत्रे करणारा कारागीर म्हणून त्याची नेमणूक झाली. राधानाथ सिकदार या बंगाली गणितज्ञाचे नाव अलीकडे शाळेच्या पुस्तकांतून मुलांना कळते. मीर मोहसिनचेही कळावे, असे मला वाटते. आणि त्याच्याही खाली खलाशी, निशाणदार, पाणक्या, डोंगरमाथ्यावर दिवा धरून रात्र काढणारे किती होते! त्यांची नावे कुठल्याच नकाशावर नाहीत.

आपल्या शेतकऱ्याच्या अंगणात जी मोजणी आली, ती मात्र या त्रिकोणांची नव्हे. ती आली साखळी घेऊन, आणि तिची सुरुवात आमच्या शेजारच्या इंदापूरला झाली. त्याआधी पुणे भागात प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने जमीन मोजून सारा ठरवला होता. तो इतका जड गेला की अनेक शेतकऱ्यांनी जमिनी टाकल्या आणि शेजारच्या संस्थानी मुलखाची वाट धरली. मग १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नव्याने मोजणी केली, सारा उतरवला आणि तो तीस वर्षांसाठी बांधून दिला. हीच पद्धत पुढे सोलापूरसकट मुंबई इलाख्यात पसरली. हद्दीला दगड आणि मातीचे वरंबे आले, प्रत्येक तुकड्याला नंबर आला, टिपणे आली, फाळण्या आल्या.

ही मोजणीची साखळी ३३ फुटांची. तिचे भाग सोळा, म्हणजे सोळा आणे. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद जागा म्हणजे एक गुंठा. ३३ गुणिले ३३ बरोबर १०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. आजही प्लॉट घेताना आपण गुंठ्याचा भाव विचारतो, तेव्हा त्या जुन्या साखळीचेच टोक आपल्या हातात असते.

हे मी पुस्तकात वाचले, पण त्याच्याही आधी घरी ऐकले. माझे आजोबा, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, मोजणीच्या हंगामात रोजंदारीवर साखळी धरायला जात. उन्हातान्हात, काळ्या रानातून, बाभळीच्या काट्यांतून त्यांनी अर्धा तालुका साखळीने ओढून काढला होता. त्यांचे पाऊल मापून पडायचे. मोहल्ल्यात लग्न निघाले की मांडव केवढा बसेल, हे विचारायला लोक दादांकडे येत. ते अंगणात सरळ चालून जात, वळत, परत येत आणि सांगत ते बोटभरही चुकत नसे. पण आपण मोजलेल्या जमिनीचा कागद त्यांनी कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता. पाहिला असता तरी वाचता आला नसता. त्यांना अक्षरओळख नव्हती. ‘कागद साहेब कने, साखळी अपने कने,’ एवढेच ते हसत हसत म्हणायचे.

मी बी. ए.ला असताना भूगोलाच्या प्रात्यक्षिकात पहिल्यांदा भारतीय सर्वेक्षण विभागाचा स्थलदर्शक नकाशा हातात घेतला. सोलापूरचा तो नकाशा ४७ ओ/१४ या क्रमांकाचा. जमिनीवरचा एक किलोमीटर म्हणजे कागदावर दोन सेंटीमीटर. तपकिरी समोच्च रेषा, निळे ओढे, लाल रस्ते. मला दादा आठवले. त्यांनी जन्मभर पायाखाली घातलेला मुलूख माझ्या टेबलावर मावला होता. तास संपला की कागद कपाटात जायचा. नकाशा ही कपाटातली, कचेरीतली, परीक्षेतली गोष्ट, हीच समजूत मनात राहिली.

ती समजूत जानेवारीतल्या त्या सकाळी मोडली. भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या एका मित्राने हा खेळ ठरवला होता. नान्नजच्या माळढोक अभयारण्याकडे अजिबात फिरकायचे नाही, असे त्याने आधीच बजावले होते. ती पाखरांची जागा. त्याने निवडला तो हिप्परग्याच्या, म्हणजे १८७१ मध्ये बांधून झालेल्या एकरुख तलावाच्या बाजूचा मुरमाड माळ. उपग्रहाच्या चित्रावरून आणि स्वतः महिनाभर सायकल फिरवून त्याने नकाशा काढला होता. कागदावरचा एक सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचे दीडशे मीटर. आठ निशाणे, नऊ स्वार, दोन-दोन मिनिटांच्या अंतराने सोडलेले. मोबाइल बंद करून पिशवीत. कुणाच्या उभ्या पिकात शिरायचे नाही, आखलेली वाट सोडायची नाही, सायकल मोडली तर खांद्यावर घ्यायची पण टाकायची नाही. माझी सायकल पुतण्याची. हँडलवर नकाशा लावायला सुताराकडून एक फळी करून घेतली होती. ती मध्ये एका खिळ्यावर फिरायची, कारण आपण वळलो की नकाशालाही वळवावे लागते. कागदावरची उत्तर नेहमी खऱ्या उत्तरेकडे हवी.

पायी चालणाऱ्याला थांबून नकाशा पाहता येतो. सायकलवर तसे नाही. डोळे कागदावर ठेवले तर चाक दगडावर जाते आणि डोळे वाटेवर ठेवले तर फाटा निघून जातो. म्हणून पुढचे दोन-तीन फाटे मनात पाठ करून निघायचे असते. दुसरी गोष्ट, या नकाशात वाटांच्या रेषा चार तऱ्हेच्या असतात. भरघाव जाता येईल अशी वाट, बऱ्या वेगाची, हळू जाण्याची आणि जवळजवळ ढकलत नेण्याची. तिसऱ्या निशाणाकडे जाताना एक पायवाट जेमतेम सव्वा किलोमीटरची होती, पण तुटक ठिपक्यांची. दुसरी बैलगाडीची चाकोरी, अडीच किलोमीटरची, पण सलग रेघेची. मी चाकोरी धरली आणि पायवाटेने गेलेल्या माझ्या एका समवयस्काच्या आधी पोचलो. जवळची वाट ती लवकरची वाट नव्हे, हे मी कवितेत कधी लिहिले असते तर वाचणाऱ्याने मान डोलवली असती. इथे ते पायांना कळले.

पाचव्या निशाणाच्या अलीकडे, पाझर तलावाच्या बांधावर शेरडे राखत बसलेले एक म्हातारे गृहस्थ उठून उभे राहिले. माझ्या फळीकडे पाहत त्यांनी विचारले,

‘काय हुडकायलाव? मोजणी हाय काय?’

‘नाही बाबा, खेळ आहे.’

‘खेळाला कागद कशाला लागतो? इकडनं रस्ता निघायलाय म्हणत्यात. खरं सांगा, कुणाकुणाचं रान जायलंय?’

मी सायकलवरून उतरलो. घड्याळ चालूच होते. पण त्या प्रश्नाला पाठ करून पुढे जाणे मला शक्य नव्हते. त्यांच्या आवाजात जी भीती होती ती दोनशे वर्षांची होती. मोजणीचा माणूस आला की मागून सारा येतो, मागून नोटीस येते, हे इथल्या मातीने शिकवलेले शहाणपण आहे. मी फळी त्यांच्यापुढे धरली, नकाशा तलावाच्या दिशेने फिरवला आणि म्हटले, ‘हा तलाव. हा बांध. आपण इथे उभे आहोत.’

अक्षरे येत नाहीत, असे ते आधीच म्हणाले होते. पण नकाशा दिशेला लागल्यावर त्यांचे बोट सरसर निघाले. ही चाकोरी. हा ओढा. हे लिंबाचे झाड, हे पलीकडचे देऊळ. क्षणभर थांबून त्यांनी बोट एका कोऱ्या जागेवर टेकवले. ‘माजी हीर न्हाई यात,’ ते म्हणाले. ‘बापानं खणलेली हीर हाय ही. पाणी हाय तिला अजून.’

मी पेनाने तिथे ठिपका केला. त्यांना वाट मी विचारली नाही, त्यांनी सांगितलीही नाही. खेळाचा नियम पाळला गेला. अकरा मिनिटे गेली, एवढेच. पहिला आलेला कॉलेजचा मुलगा ५१ मिनिटांत परतला होता. मला १ तास ५२ मिनिटे लागली आणि नऊ जणांत माझा नंबर आठवा आला. मित्राला तो ठिपका दाखवला, तेव्हा नकाशात चूक निघाली म्हणून तो रागावला नाही. उलट दुसऱ्याच रविवारी जाऊन त्याने विहीर पाहिली, जागा पक्की केली आणि पुढच्या प्रतीत निळा ठिपका छापला. एक प्रत बाबांना नेऊन दिली.

तेव्हापासून मला वाटते, की या खेळात नुसत्या व्यायामापेक्षा काहीतरी अधिक आहे. दादांनी साखळी ओढली आणि कागद पाहिला नाही. शिवेच्या साक्षीदाराने शीव सांगितली आणि कागदावर त्याचे नाव आले नाही. प्रिंगलच्या मोजणीतून सुटण्यासाठी ज्यांनी गाव सोडले, त्यांनाही आपली जमीन कागदावर कशी मांडली आहे, हे कुणी दाखवले नव्हते. जमिनीवरचा माणूस आणि जमिनीचा कागद, यांची गाठ पडू दिली गेली नाही. एका साध्या खेळाने ती एका बांधावर अकरा मिनिटे पाडली. तेवढ्यात भीती गेली असे मी म्हणणार नाही. रस्त्याचा प्रश्न त्यांच्यापुढे उभाच आहे. पण उद्या कुणी खरा नकाशा घेऊन आला, तर तो उलटा धरलाय की सुलटा, हे त्यांना कळेल. आणि विहीर राहिली आहे, हे ते बोट ठेवून सांगू शकतील.

आता कुणी म्हणेल, हे सगळे कशाला? मोबाइल आहे की खिशात. सरकारनेही २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने आणि नंतर २०२१ च्या नव्या नियमांनी नकाशे पुष्कळ मोकळे केले आहेत. ते चांगलेच झाले. पण मोबाइल वाट सांगतो, ती वाचायला शिकवत नाही. तो ‘डावीकडे वळा’ म्हणतो, आपण वळतो. विचारून जाणाऱ्याला निदान माणूस भेटतो. वाचून जाणाऱ्याला मुलूख भेटतो. नुसते ऐकून जाणाऱ्याला दोन्ही भेटत नाहीत.

माझे मागणे फार मोठे नाही. शाळांतून भूगोलाच्या पुस्तकात नॉर्वेचा समुद्रकिनारा येतो, तसा एकदा आपल्या गावाचा नकाशा यावा. पोरांनी सायकली काढाव्यात, चार निशाणे लावावीत, आपला ओढा, आपली शीव कागदावर शोधावी. जे कागदावर नसेल ते विचारून लिहावे. म्हातारी माणसे आहेत तोवर हे काम होण्यासारखे आहे. ओढ्यांची नावे, रानांची नावे त्यांच्याच तोंडी उरली आहेत. त्या पाझर तलावाखालच्या ओढ्याचे नाव बाबांनी मला सांगितले होते. ते अजून नकाशावर यायचे आहे. पावसाळा सरला की आम्ही पुन्हा निघणार आहोत, तेव्हा ते लिहायचे ठरले आहे.